पहिल्या बाकावरचे साहेब

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी जा, पहिल्या बाकावर एक साहेब हमखास सापडतील. नोकरी शाळेत केली की एसटीत, हे आता कुणाला आठवत नाही. ‘साहेब’ ते निवृत्तीनंतर झाले. पहिलं गीत सुरू झालं की ते मधल्या वाटेनं, दोन्ही बाजूंना ‘सलाम, सलाम’ करत येतात. वेळेवर यायला त्यांची ना नाही. पण वेळेवर येणाऱ्याकडे बघायला मंडळीत असतं कोण?

काखेत चेनच्या कव्हरातलं पवित्र शास्त्र. त्याला रेशमी फिती, आत तीन रंगांत ओळी अधोरेखित. एकदा मी ते हातात घेतलं. स्तोत्रसंहितेची पानं मऊ पडली होती, पण नहूम आणि हबक्कूक अजून सोनेरी कडेला चिकटून होते. छापखान्यातून निघाल्यापासून त्यांना कुणी भेटलंच नव्हतं.

साहेबांचा ‘आमेन’ प्रसिद्ध आहे. पाळकसाहेबांची प्रार्थना संपत आली की त्यांना अंदाज येतो, आणि सगळ्या मंडळीच्या आधी, खर्जात, त्यांचा ‘आमेन’ पडतो. कधीकधी पाळकसाहेबांचं एखादं वाक्य राहिलेलं असतं. ते बिचारे गिळून टाकतात.

पण खरी कला त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेत. ‘हे सर्वसमर्थ, कृपाळू, दयाघन पित्या’ इथपर्यंत ती देवाला उद्देशून असते. पुढचं सगळं कमिटीला. ‘प्रभो, तुला ठाऊकच आहे की मंगळवारच्या सभेला आम्ही चौघेच होतो.’ ‘प्रभो, आमच्या खजिनदार बंधूंना हिशेब वेळेवर मांडायची सुबुद्धी दे.’ डोळे मिटलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, आणि प्रार्थनेला हरकतीचा मुद्दा नसतो. खजिनदार मान खाली घालून ऐकतात.

उपवासकाळात तर साहेब कुणाला ऐकत नाहीत. एरवी चहाच्या वेळी ते कुणाकडे फिरकत नाहीत, पण त्या चाळीस दिवसांत संध्याकाळी तीन-तीन घरं करतात. कप पुढे आला की तळवा आडवा. ‘नको, उपास आहे.’ डोंगरावरच्या प्रवचनात ख्रिस्तानं उपास करताना तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून बसायला सांगितलंय, म्हणजे कुणाला पत्ता लागू नये. साहेब तेल लावतात. पत्ताही लावतात.

त्यांच्या घरात रेव्हरंड टिळकांची तसबीर आहे. आजोबांनी टिळकांच्या कीर्तनात झांज वाजवली, असं ते सांगतात. (आमच्याकडे इतक्यांच्या आजोबांनी ती वाजवलीय की कीर्तन ऐकायला कोण उरलं असेल, देव जाणे.) 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही त्यात जागा होती. साहेबांना यातला ‘दरबार’ फार आवडतो. फक्त त्यात पुढच्या रांगेत कोण, हे टिळकांनी लिहून ठेवायला हवं होतं, असं त्यांचं मत आहे.

एवढं सगळं खरं, पण मंडळीतलं कुणी गेलं की हाच माणूस निराळा दिसतो. रात्री दोनला फोन करा, मफलर गुंडाळून हजर. पेटीवाल्याशी घासाघीस, कबर खणणाऱ्यांना चहा, म्हातारीला रिक्षा, सगळं साहेबच बघतात. त्या दिवशी तोंडात प्रार्थनेचा शब्द नाही, डोळे टक्क उघडे. शेवटचं ढेकूळ पडेपर्यंत उन्हात उभे असतात, आणि पुढच्या रविवारी त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. बहुधा हे सांगण्यासारखं आहे, हेच त्यांना सुचत नसावं.

गेल्या उपकारस्तुतीच्या सणाला वेदीपुढे कणसं, अंडी, मेथीच्या जुड्या, एक गावरान कोंबडा आणि भलामोठा लाल भोपळा आला होता. उपासनेनंतर लिलाव. भोपळा दीडशेवर अडला होता. तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला, ‘अकराशे!’ टाळ्या पडल्या. भोपळा साहेबांच्या घरी गेला. पैसे गेले वहीत, ‘येणे’ या सदराखाली.

तेव्हापासून खजिनदार पावतीबुक घेऊन जवळ आले की साहेबांची मान खाली, डोळे बंद, ओठ हलते. प्रार्थनेत असलेल्या माणसाला थकबाकी कशी विचारायची? नाताळ आला, गेला. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी खजिनदारांना प्रार्थना करायला सांगितली. ते उठले, घसा साफ केला, डोळे मिटले.

‘हे सर्वसमर्थ, कृपाळू, दयाघन पित्या, तुला ठाऊकच आहे की लाल भोपळ्याचे अकराशे रुपये आज उपासनेनंतर जमा होणार आहेत...’

वाक्य पुरं व्हायच्या आतच पहिल्या बाकावरून, सवयीनं, खर्जातला ‘आमेन’ पडला.