बुलेटवाले आबा स्प्लेंडरवर

बुलेटवर साठी गाठलेला माणूस लांबून ओळखू येतो. पाठ ताठ, कोपरं बाहेर, आणि नजर अशी, की हा रस्ता शाहू महाराजांनी खास यांच्यासाठीच बांधून घेतला होता. कोल्हापुरात गल्लीला असा एक तरी असतोच. आमच्या गल्लीतले आबा त्यातलेच. फरक एवढाच, की हल्ली ही सगळी ऐट स्प्लेंडरवर बसते. तीही जुनी, एका हायस्कूलच्या मास्तरांच्या हातची.

"आबा, बुलेट का दिली?" असं विचारलं, की कारणांना तोटा नसतो. पेट्रोल परवडत नाही. महाद्वार रोडला गाडी लावायला जागा नाही. पोरांनी फटाके फोडणारे सायलेन्सर लावून बुलेटची अब्रू घालवली. "पोलीस त्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवत्यात ते झ्याक करत्यात, पण नाव आमचं बी खराब होतंय न्हवं!" मागच्या महिन्यात तर कारण हवामानाचं होतं. गुडघा हा शब्द मात्र या यादीत कधी आला नाही, येणारही नाही.

खरी गोष्ट अख्ख्या गल्लीला माहीत आहे. बुलेट मेन स्टँडवर कशी घ्यायची हे आम्हाला आबांनीच शिकवलं. "हातानं ओढू नगंस, स्टँडवर उभा ऱ्हा, गाडी आपसूक येतीया." पुढे पुढे ते स्वतः साइड स्टँडवरच भागवू लागले. विचारलं तर म्हणायचे, "मेन स्टँडनं चेसिसला ताण येतो." मग एकदा गटारीच्या फरशीवरून गाडी मागं घेताना वाळूवर पाय सरकला. उभी बुलेट बोटावर तोलता येते, पण एका ठरावीक कोनाच्या पलीकडे गेली की पैलवानालाही ऐकत नाही. ती सावकाश, मानाने आडवी झाली. आम्ही धावलो, तर आबा ओरडले, "हात लावू नका रे! मीच ठेवलीया आडवी. कार्बोरेटर बघायचाय." आणि नंतर अर्धा तास खरोखरच कार्बोरेटर उघडून बसले.

त्यानंतर आठवड्याभरात गिऱ्हाइकं यायला लागली. आबा त्यांच्या मुलाखती घ्यायचे. एकानं "सायलेन्सर बदलता येतो का?" एवढंच विचारलं, त्याला चहासुद्धा मिळाला नाही. दुसऱ्याला त्यांनी 1955 पासूनचा इतिहास ऐकवला. विलायतेतला कारखाना 1970 च्या सुमारास बंद पडला पण मद्रासचा चालूच राहिला, हे सांगताना जणू तो यांनीच चालू ठेवला होता. तो बिचारा भाव न विचारताच गेला. शेवटी गाडी पुण्याच्या पुतण्याकडे गेली. आता रोज रात्री फोन. सून कशी आहे, पोरं कशी आहेत, काही नाही. "ऑइल बघितलंस का?"

स्प्लेंडर घ्यायला मात्र आबा एखाद्या सोयरिकीला निघावं तसे निघाले, बरोबर उद्यमनगरातला मिस्त्री. सायलेन्सरमागं तळवा धरून धूर हुंगला. चेन बोटानं उचलून बघितली. आरसी बुकावरचा चेसिस नंबर गाडीवरच्याशी एकेक आकडा जुळवला. मीटरचा आकडा बघितला आणि मग पायाखालचं रबर बघितलं, कारण "मीटर फिरवता येतंय, रबर खोटं बोलत न्हाई." मास्तरांनी कौतुकानं हातानंच किक दाबून गाडी चालू करून दाखवली. आबांचा चेहरा पडला. आयुष्यभर अँपमीटरचा काटा मधोमध आणून, डिकॉम्प्रेसर दाबून, देवाचं नाव घेऊन किक मारणारा माणूस तो. हातानं चालू होणारी गाडी ही गाडी कसली?

अंगठ्याची सवय अजून गेलेली नाही. स्प्लेंडर चालू करताना डावा अंगठा डिकॉम्प्रेसर शोधायला जातो आणि हॉर्नवर पडतो. पूर्वी आबा निघाले हे दणक्यावरून कळायचं, आता हॉर्नवरून कळतं.

पायांचं त्याहून अवघड. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला वर, बाकीचे खाली. स्प्लेंडरला सगळं उलटं. पहिल्या दिवशी बिंदू चौकात आबांनी झोकात दुसरा गिअर टाकायला उजवा पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या रिक्षावाल्यानं आईवरून सुरुवात केली. पुढं सिग्नलला थांबायचं म्हणून डावा पाय दाबला, तर गाडीनं वरचा गिअर घेतला आणि आबा सिग्नल तोडून मोकळे. हे सगळं त्यांनी स्वतःच कट्ट्यावर सांगितलं, पण कसं? "गाडीला अजून माझी सवय झाली न्हाई."

एरवी चालवण्यात काडीचा फरक नाही. साधारण एकशे दहा किलोच्या गाडीवर ते जुन्या वजनाचा मान राखून बसतात. वळण अजून हत्ती वळवल्यासारखं घेतात. पन्हाळ्याच्या चढाला पोरं बुलेटवरून पुढं गेली, की हात वर करून आशीर्वाद देतात आणि पुढच्या वळणावर ती पोरं चहाला थांबलेली दिसली, की मुद्दाम हॉर्न मारून जातात. तो बहुधा खरा हॉर्न असावा.

सगळ्यात खूश आहेत काकू. इतकी वर्षं बुलेटवर चढायला त्यांना पायरी लागायची आणि बोलायची सोय नव्हती, कारण आवाजात ऐकूच यायचं नाही. आता त्या एका झटक्यात मागं बसतात आणि रंकाळ्यापर्यंत अखंड बोलतात. आबांना सगळं स्पष्ट ऐकू येतं. स्प्लेंडरबद्दल त्यांची खरी तक्रार हीच असावी असा माझा अंदाज आहे, पण ती ते हवामानावर ढकलतात.

तुम्हाला जुनी गाडी घ्यायची असेल तर जरूर आबांना घेऊन जा. फॉर्म 29 आणि 30 वर मालकाच्या सह्या घेतल्याशिवाय ते तुम्हाला उठू देणार नाहीत, विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या म्हणून पाठीस लागतील, आणि दोनेक हजार तरी भाव उतरवून देतील. परतताना दोन जिने चढायची वेळ आली आणि ते मधल्या पायरीवर थांबले, तर गप्प उभे राहा. ते इमारतीचं बांधकाम बघत असतात.