वीस की एकवीस

गुरुजींच्या हातावर आपण एकवीस रुपये ठेवतो आणि वेटरच्या बशीत वीस. दक्षिणेचे आकडे एकावन्न, एकशे एक असे एका रुपयानं पुढे सरकलेले असतात. आपण विसरू नये म्हणून पाकीट करणाऱ्यानं तो रुपया पाकिटावरच चिकटवून दिलेला असतो. टिपेला मात्र वीस, पन्नास, फार तर शंभर. तिथं कुणी वरचा रुपया ठेवल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. कदाचित पुण्याचा हिशेब पुढच्या खेपेसाठी उघडा ठेवायचा असतो आणि हॉटेलातला जागच्या जागी मिटवायचा असतो. एरवी दोन्हीकडे प्रसंग एकच: कुणीतरी जेवलेलं आहे आणि कुणीतरी वाढलेलं आहे.

खरं तर आपल्याकडे पैसे मिळायचे ते जेवणाऱ्याला. मुंजीला, सत्यनारायणाला, श्राद्धाला यजमान ब्राह्मणाला पाटावर बसवी, हात जोडून चौथी पुरणपोळी वाढी, आणि त्यानं ती संपवण्याचे कष्ट घेतले म्हणून वर विडा-दक्षिणा देई. पेशव्यांनी हे काम सरकारी पातळीवर नेलं. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात गावोगावचे ब्राह्मण जमत आणि बाहेर पडताना एकेकाच्या हातावर नाणी पडत. ही चाल मूळची तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांची. पेशव्यांनी ती पुढे पुण्यात चालवली. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली आणि नंतर दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत मराठी ग्रंथांना बक्षिसं वाटली. म्हणजे मराठी गद्यही काही काळ वरखुशीवर वाढलं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. मानधनाचे हल्लीचे आकडे पाहता थोडा हेवाच वाटतो.

वाढणाऱ्याला मात्र दमडी मिळत नसे. पंगतीत वाढायला घरची पोरं, आळीतले हौशी तरुण, कमरेला पंचा गुंडाळलेला एखादा काका. मीठवाला सगळ्यांत पुढे, आणि मठ्ठ्याची बादली सांभाळत सगळ्यांच्या मागून येणारा तो एक मुलगा, जो येईपर्यंत बहुतेकांचं जेवण उरकलेलं असे. त्यांची कमाई म्हणजे शेवटच्या पंगतीला उरलेल्या जिलब्या आणि ‘हात सढळ आहे हो पोराचा’ असं एखाद्या आजीनं दिलेलं प्रशस्तिपत्रक. अशा प्रशस्तिपत्रकांवर लग्नंसुद्धा जमली आहेत. या संस्कारातला माणूस हॉटेलात जाऊन बसला की त्याची पंचाईत होणारच. वाढणारा ना घरचा ना आळीतला, आणि आपण ना पाहुणे ना ब्राह्मण. त्यानं आपल्याला आग्रह करावा असं आतून वाटत असतं. तो फक्त ‘और कुछ?’ विचारतो.

डोंबिवलीत आमच्या लहानपणी हॉटेल म्हणजे स्टेशनजवळचा उडपी, आणि तोही पगार झाल्यानंतरच्या रविवारी. माणसं चार आणि मसाला डोसे तीन, कारण ‘मला तुमच्यातला घास पुरे’ असं आई म्हणे. शेवटी बशी येई: बडीशेप आणि तिच्याखाली पेन्सिलीनं खरडलेली चिठ्ठी. वडील नोट ठेवत, वेटर बशी घेऊन गल्ल्यावर जाई आणि मग त्याची खरी कारागिरी दिसे. अडीच रुपये परत आणायचे असतील तर दोनाची नोट आणि आठ आणे असं तो कधीच आणत नसे. एक रुपया, दोन आठ आणे आणि दोन चार आणे अशी ती रक्कम तो फोडून आणी. गिऱ्हाइकाच्या मनात औदार्य उगवलंच, तर ते सुट्ट्या पैशांअभावी कोमेजू नये, एवढीच काळजी. मग तिघांचे डोळे तीन दिशांना जात. वडील बशीकडे पाहत, वेटर गल्ल्यामागच्या व्यंकटेशाच्या तसबिरीकडे, आणि आई वडिलांच्या बोटांकडे. सगळे पैसे उचलून झाल्यावर बडीशेपेत एक चार आण्याचं नाणं मागे राही.

‘चार आण्यांची कोथिंबीर आली असती,’ असं आई फडके रोडला लागेपर्यंत एकदा म्हणे. वडील म्हणत, ‘पोरगं कुठल्या कुठे आलंय.’ उडपी-मंगळूरकडून येऊन दिवसभर टेबलं पुसायची आणि मुंबईतल्या रात्रशाळेत शिकायचं, अशी कितीतरी पोरं तेव्हा होती. जॉर्ज फर्नांडिसही त्याच मुलखातून मुंबईला आले, आणि सुरुवातीच्या काळात त्यांनी ज्यांची संघटना बांधली त्यांत हॉटेल कामगार होते. पण संघटनेला पगारवाढ मागता येते. बडीशेपेतले चार आणे कुणालाच मागता येत नाहीत. ते नाणं ३० जून २०११ नंतर चलनातूनही गेलं. महागाईनं बशीतून ते त्याच्या कितीतरी आधी उचललं होतं.

आईची टिप वेगळी असे. उठण्याआधी ती ताटल्या एकीवर एक ठेवी, चटणीच्या वाट्या एकात एक घाली आणि टेबलावरचा सांबाराचा ओघळ स्वतःच्या रुमालानं पुसून घेई. ‘रहने दो, माँजी’ म्हणत वेटर धावत येई आणि वडील ओशाळून दाराकडे बघत. जिचा जन्म दुसऱ्यांच्या पानांवर लक्ष ठेवण्यात गेला तिला आयतं बसून खाणं उसनवारीसारखं वाटत असावं, आणि उसनं ठेवून घरी जायची तिला सवय नव्हती. पुढच्या महिन्यात आमच्या टेबलावर न मागता दुसऱ्यांदा सांबार येई. ते चार आण्यांमुळे की रचलेल्या ताटल्यांमुळे, यावर घरात दोन पक्ष होते आणि ते शेवटपर्यंत राहिले.

टिपेचा प्रश्नच उद्भवू नये अशी ठिकाणं आमच्या पट्ट्यात आहेत, म्हणून बरं. कल्याणचा खिडकी वडा नावाप्रमाणे खिडकीतून हातात पडतो. डोंबिवलीच्या पोळीभाजी केंद्रांत तर काउंटरवरच्या काकूच आपल्याकडे सुटे दोन रुपये मागतात, आणि ‘नाहीत’ म्हटलं की अशा नजरेनं बघतात की पुढच्या वेळी आपण बँकेतून चिल्लर घेऊन जावं. ठाण्याच्या तहसील कचेरीशेजारच्या मामलेदार मिसळीला आपला शेवटचा घास तोंडात असतानाच पाठीशी कुणीतरी जागेसाठी उभं असतं. तिथं खरी टिप म्हणजे चटकन उठणं, आणि ती देण्याच्या घाईत डोळ्यांतलं पाणी पुसायचंही राहून जातं.

परमिट रूमचं शास्त्र निराळं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात प्यायला अजून परवाना लागतो: विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा पाच रुपयांना, देशीसाठी दोन रुपयांना. पाच रुपयांत समाधान मानणारं सरकार पाहायचं असेल तर ते इथेच. कल्याण स्टेशनबाहेरच्या अशाच एका अंधाऱ्या खोलीत माझा एक मित्र कैक वर्षं ठरलेल्या टेबलावर बसत असे. तिथला वेटर चणे संपायच्या आत बशी भरी, दुसऱ्या पेगानंतर सोड्याचा हात हळूच सैल सोडी, आणि न मागता बिल आणून ठेवी: ‘साहेब, तुमची कसारा लागेल आता.’ मित्र सव्वा पेगाच्या अंतरावर असलेल्या आपल्या दुःखाला तिथंच सोडून उठे आणि गाडी पकडे. एखाद्याला वेळेवर घरी धाडण्याचे पैसे किती टक्क्यांनी काढायचे असतात? मित्र पन्नास ठेवी. त्याच्या बायकोला विचारलं असतं तर तिनं आकडा वाढवला असता.

परमिट रूममधले जाणते लोक टिप शेवटी देत नाहीत. पहिल्या फेरीलाच नोट सरकवतात आणि मग संध्याकाळभर राजासारखे बसतात. ही युक्ती पुढे ॲपवाल्यांनी उचलली. गाडी येण्याआधीच टिप कबूल करायला लावण्याच्या सोयीबद्दल मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं उबरला नोटीस पाठवली. फोननं एकीकडे अशी आगाऊ उदारता शिकवली आणि दुसरीकडे बशी कोरडी केली. हल्ली ३४७ रुपये झाले की आपण बरोबर ३४७ धाडतो आणि गल्ल्यावरचा डबा ती रक्कम साऱ्या हॉटेलला ओरडून सांगतो. परत काही यायचंच नसल्यामुळे फोडून आणायचीही गरज उरलेली नाही. बडीशेप तेवढी अजून येते.

भाचा एडिसनला असतो. तिकडे पुष्कळ ठिकाणी सहा किंवा अधिक माणसं एका टेबलावर बसली की बिलातच आपोआप अठरा टक्के लागतात, असं तो सांगतो. आमच्याकडे वडापाव खायलाही सात जण निघतात, म्हणजे आमचं कुटुंब जन्मजात अठरा टक्क्यांत मोडतं. त्या देशाचं कारण मात्र हसण्यासारखं नाही. टिपेवर काम करणाऱ्याला मालकानं रोख द्यायचं किमान वेतन संघराज्याच्या कायद्यानुसार १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवर अडलेलं आहे. काही राज्यांनी ते वाढवलं. बाकीच्या राज्यांत पगाराचा मोठा भाग गिऱ्हाईक टेबलावर सोडून जातं.

आपल्याकडे याच आपोआप टिपेला सेवाशुल्क म्हणतात. ते ग्राहकाला न विचारता बिलात लावू नये, दुसऱ्या नावानंही लावू नये, अशा सूचना ४ जुलै २०२२ रोजी प्राधिकरणानं काढल्या. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ रोजी न्या. प्रतिभा सिंह यांनी त्यांच्या याचिका फेटाळून दोन्ही संघटनांना एकेक लाख रुपये भरायला लावले. हा सगळा इतिहास मला पाठ आहे, कारण आमच्यातला बँकेतून निवृत्त झालेला मित्र तो दर भेटीत सांगतो.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या एका काचेच्या हॉटेलात त्याला तो प्रत्यक्ष वापरायची संधी मिळाली. आम्ही चौघं. खाणं १८४० रुपयांचं, त्यावर दहा टक्के सेवाशुल्क १८४, आणि या बेरजेवर पाच टक्के जीएसटी. ‘म्हणजे आपल्या औदार्यावर सरकारनं नऊ रुपये वीस पैसे कर घेतला,’ मित्र चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला. त्यानं कॅप्टनला बोलावून तारखेसह निकाल ऐकवला. कॅप्टन ‘शुअर सर’ म्हणून गेला आणि १९३२ रुपयांचं नवं बिल घेऊन आला. इतक्या सहज की मित्र थोडा हिरमुसला. त्याच्याकडे अजून परिच्छेद शिल्लक होते.

वाढणारा मुलगा हे सगळं होईपर्यंत हात मागे बांधून खांबाशी उभा होता. आमच्यातल्या एकाचा उजवा हात हल्ली थरथरतो. सूप आलं तेव्हा त्यानं चमचा दोनदा उचलून खाली ठेवला होता आणि आम्ही तिघंही मोठ्या तन्मयतेनं पाऊस बघत होतो. मुलगा काही न बोलता वाडगा घेऊन गेला आणि तेच सूप कानाच्या मगमध्ये, अर्ध्यापर्यंत भरून घेऊन आला. उरलेलं निम्मं त्यानं ते संपल्यावर आणलं. टेबलावर कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

बँकवाल्यानं कार्डानं बिल दिलं आणि पाकिटातून शंभराच्या दोन नोटा काढून फोल्डरमध्ये ठेवल्या. लढून वाचवलेल्या रकमेहून ही सहा-सात रुपयांनी जास्तच होती, हे त्याला कळलं नसेल असं नाही. आयुष्यभर त्यानं लोकांच्या खात्यांतले पैसे मोजले आहेत. रात्री ग्रुपवर त्यानं प्रत्येकाचा वाटा मागितला: बिलाचे ४८३, टिपेचे ५०. मी ५३३ पाठवले. थरथरत्या हाताच्या मित्रानं ६०० पाठवले आणि बाकी परत घ्यायला साफ नकार दिला. तिसऱ्यानं ५२९ पाठवले. ४ रुपये कमी का, असं विचारल्यावर त्यानं लिहिलं, ‘दहा टक्क्यांनी माझे शेहेचाळीसच होतात. आणि रक्कम ऐच्छिक आहे, हे तूच त्या कॅप्टनला सांगितलंस.’