घंटा कुणाच्या हातात

पाथर्डीतल्या कुठल्याही हायस्कुलात गेलात, तर मुख्याध्यापकांच्या टेबलावर काचेखाली एक वेळापत्रक दिसेल. लाल शाईनं तास, निळ्या शाईनं विषय, खाली सही आणि शिक्का. शाळा त्याप्रमाणे चालते असा मुख्याध्यापकांचा समज असतो आणि त्यांच्या वयाचा मान राखून तो कुणी दूर करत नाही.

खरं वेळापत्रक एसटी स्टँडवर असतं. वाड्यावस्त्यांवरची पोरं एसटीनं येतात, त्यामुळे पहिला तास कधी सुरू करायचा हे शिपाईमामांच्या नव्हे, ड्रायव्हरमामांच्या हातात. महाराष्ट्रातली पहिली एसटी 1 जून 1948 रोजी धावली ती पुणे ते नगर. एवढा जुना घरोबा असल्यावर दहा-वीस मिनिटांसाठी तोंड वाईट कुणी करायचं? गाडी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून दप्तरं आत पडतात. ज्याचं दप्तर त्याची सीट, हा कायदा विधानसभेनं केलेला नसला तरी कंडक्टरसुद्धा तो पाळतो. पंचाईत होते ती सरांची. ते ऐटीत रिकाम्या सीटवर बसायला जातात आणि खाली त्यांनीच काल लाल रेघा मारलेल्या वह्यांचं दप्तर निघतं.

काही सर नगरहून अप-डाऊन करतात. मध्ये करंजीचा घाट. घाटात ट्रक आडवा झाला की ती बातमी सरांच्या आधी वर्गात पोचते आणि मागच्या बाकांवर एकदम प्रसन्न वातावरण पसरतं. इंग्रजीच्या तासाला घाट बंद झाला तर पोरं त्यात दैवी संकेत पाहतात.

एसटीनं शिकवलेलं गणितही पक्कं असतं. विद्यार्थ्याच्या पासाला 66.67 टक्के सवलत. हा आकडा म्हणजे दोन तृतीयांश, हे पाथर्डीच्या पोराला झोपेतून उठवून विचारा. बाकीच्या अपूर्णांकांचं मात्र विचारू नका. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट. योजनेला नाव चौंडीच्या अहिल्याबाई होळकरांचं, आणि आता आमच्या जिल्ह्यालाही त्यांचंच. सातवीनंतर पोरीला लांबच्या शाळेत घालायची की नाही, यावर घरात मोठी चर्चा व्हायची. शिक्षणाचं महत्त्व, काळाची गरज वगैरे सगळं सांगून झालं तरी आजोबा मान हलवत नसत. ‘पासाला पैसे पडत नाहीत’ म्हटल्यावर म्हणायचे, ‘मग जाऊ द्या की.’ थोर समाजसुधारणा कधी कधी अशी कंडक्टरच्या हातून होते.

दुसरी घंटा आभाळाच्या हातात. भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश येतो. बाकीच्या गावांना तो पाठ करावा लागतो. आमच्याकडं सर नुसता खिडकीकडं हात करतात. सह्याद्री ढगांकडून सगळं पलीकडंच काढून घेतो आणि ढग इकडं येतात ते नुसते ख्यालीखुशाली विचारायला. आता गंमत बघा. ज्या तालुक्याला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्याच्या शाळेचं वर्ष ठरवतं कोण, तर घटाघटा पाणी पिणारा ऊस! हा ऊस आमच्या शिवारात फारसा नसतो. तो असतो दुसऱ्यांच्या शिवारात, आमची माणसं फक्त तोडायला जातात.

दसरा-दिवाळी झाली की कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या आणि धाकटी पोरं घेऊन गाड्या पश्चिमेकडं निघतात, त्या परततात मार्च-एप्रिलात. सरकारनं गावोगावी हंगामी वसतिगृहं काढली, त्यामुळे काही पोरं मागं राहतात. काही आजीपाशी राहतात, काही जातात. हजेरीपटावर हजर आणि गैरहजर अशा दोनच खुणा. ‘उसाला’ अशी तिसरी खूण शिक्षण खात्याला अजून सुचलेली नाही. वर्गशिक्षकांना मात्र कधीच सुचलेली आहे. नाव पुकारलं की वर्गच उत्तर देतो, ‘उसाला गेलाय, सर.’ सर क्षणभर पेन उचलून धरतात आणि पुढचं नाव घेतात.

मागं राहिलेल्या पोरांची मधली सुट्टी ऐकण्यासारखी असते. आठवीतले दोन बहाद्दर डबा उघडून गंभीर चर्चा करत असतात. विषय क्रिकेट नसतो, बाजरीची भाकरी असतो. पीठ नीट मळलं नाही की थापताना कडा फाटतात, हे एकाचं मत. दुसरा म्हणतो, मळून काय उपयोग, पिठाची विरीच गेलेली असेल तर ती तव्यावर टाकतानाच मोडणार. दळण ताजं पाहिजे. डब्यात पुरावा म्हणून दोन जाड भाकरी, कडेला ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. शेजारी बसलेला बाजारपेठेतला पोरगा आईनं दिलेली पोळी मुकाट्यानं खातो. या चर्चेत त्याला मत नसतं. सहामाहीत तो पहिला येतो हे खरं, पण मधल्या सुट्टीत त्याचा नंबर शेवटून पहिला.

सहामाही परीक्षा आणि नवरात्र यांचं जमत नाही. मोहटादेवी गावापासून जवळच, त्यामुळे पहाटेपासून रस्ते पायी जाणाऱ्यांनी भरलेले. अनवाणी चालून आलेला पोरगा पेपरला बसतो. त्याला उत्तर आलं नाही तर दोष अभ्यासाला द्यायचा की पायाच्या फोडांना, हे ठरवणं अवघड. निदान देवीला तरी तो कुणी देत नाही.

दहावीची तर कमालच आहे. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात आणि मढीची कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत. पुणे विभागीय मंडळात पुणे, नगर, सोलापूर असे तीन मोठे जिल्हे. त्यांनी एकट्या मढीचा विचार करून तारखा लावायच्या तरी कशा? मग पोरं मधला मार्ग काढतात. कंपासपेटीत पेन्सिलीशेजारी मढीची रेवडी ठेवायची. भूमितीत प्रमेय सुटेना झालं की एक तोंडात टाकायची. प्रमेय सुटतंच असं नाही, पण वेळ गोड जातो.

मढीला गाढवांचा बाजार भरतो. गुजरातेतून काठेवाडी गाढवं येतात, दात बघून वय ठरतं, आणि चांगल्या जनावरासाठी नोटांची पुडकी मोजली जातात. याचा परिणाम असा, की आमच्याकडच्या सरांना रागाच्या भरात ‘गाढवा’ म्हणण्याची सोयच राहिली नाही. दुसऱ्या गावच्या पोरानं त्यावर मान खाली घातली असती. इथला पोरगा चौकशी करतो, ‘काठेवाडी का गावठी, सर?’

परीक्षेचं नाव काढल्यावर पाथर्डीनं खरं तर दबून राहायचं कारण नाही. आचार्य आनंदऋषीजी याच तालुक्यातल्या चिचोंडीचे. त्यांच्या प्रेरणेनं इथं विद्येची कामं उभी राहिली, आणि श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाचा पत्ता म्हणून ‘पाथर्डी’ हे नाव दूरदूरच्या पुस्तकांवर छापून गेलं. म्हणजे परप्रांतातली मंडळी पाथर्डीच्या परीक्षेला घाबरत बसलेली, आणि पाथर्डीची पोरं पुण्याच्या. कुणाची घंटा कुणाच्या हातात असते, याला काही धरबंधच नाही.

इतक्या जणांनी ओढलेल्या दोरीवर शाळा टिकते कशी, याचं उत्तर एप्रिलात मिळतं. कोयते परत येतात. पाच महिन्यांनी वर्गात शिरलेला पोरगा उन्हानं रापलेला, हाताला पाचटाचे ओरखडे, आणि पुस्तक अगदी कोरं. त्याच आठवड्यात गणिताचे सर जाहीर करतात, ‘वार्षिक जवळ आलीय, पहिल्या धड्यापासून उजळणी.’ कुणासाठी ते बोलत नाहीत, त्या पोराकडं बघतही नाहीत. परिपत्रकात असं काही लिहिलेलं नसतं, काचेखालच्या वेळापत्रकात तर नसतंच. हुशार मुलं थोडी कुरकुरतात, की सर पुन्हा तेच शिकवतायत. त्या उजळणीनं त्यांचेही चार मार्क वाढतात, हे मात्र ती घरी सांगत नाहीत.