एकट्यानं करायचं काम

परदेशी व्हिडिओंमध्ये गाडीचं फिरतं घर करणारा माणूस नेहमी एकटा असतो. दाढी वाढलेली, मागे पाइनचं जंगल, पायाशी एक समंजस कुत्रा. लांबलचक स्प्रिंटर व्हॅनच्या छताला तो भोक पाडतो आणि कोणीही येऊन विचारत नाही, "हे कशाला?" मला त्याच्या हत्यारांचा हेवा वाटत नाही. न आलेल्या त्या माणसाचा वाटतो.

आमचं काम पुण्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मधल्या जागेत. गाडी जुनी मारुती ओम्नी. हे वाण १९८४ साली 'मारुती व्हॅन' या नावानं आलं आणि २०१९ साली बंद पडलं. मधल्या काळात त्यानं शाळेची पोरं, लग्नाचे आचारी, दवाखान्याचे पेशंट आणि हिंदी सिनेमातल्या पळवून नेलेल्या नायिका अशा सगळ्यांची वाहतूक केली. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली आहे. इंजिन तापलं की काटा बघावा लागत नाही, कळतं. गाडीची एकूण लांबी सव्वाअकरा फुटांच्याही आत, त्यामुळे साडेपाच फुटांवरच्या माणसानं झोपताना कोणती बाजू दुमडायची हे आधी ठरवावं.

गाडी आणल्या संध्याकाळीच पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाई खाली आल्या. मी सीटचे नट ढिले करतोय हे पाहून म्हणाल्या, "कलम बावन्न." बाई कमी बोलतात. मोटार वाहन कायदा, १९८८: नोंदणीच्या कागदावर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा फेरफार मालकाला आपल्या मनानं करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. सीट काढली की पाच जणांची गाडी दोघांची होते आणि कागद खोटा पडतो. छताच्या भोकाबद्दल मी विचारलंच नाही, पण त्यांनी छताकडे पाहून मान हलवली.

म्हणून ठरलं की गाडीला हात लावायचा नाही. मागची सीट जागच्या जागी दुमडायची आणि सगळा संसार एका प्लायवूडच्या पेटीत मांडायचा. पेटी आत ठेवली की घर, बाहेर काढली की गाडी. कायदा शाबूत राहिला. फक्त ती पेटी उचलायला चार माणसं लागणार होती, आणि दाढीवाल्या माणसाशी असलेलं माझं नातं तिथेच संपलं.

जाडीवरून पहिली सभा भरली. मी बारा मिलिमीटरचा प्लाय म्हणत होतो. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, ज्यांनी नुकतंच स्वयंपाकघर नवं केलं होतं, अठराच्या खाली यायला तयार नव्हते. "एकदाच करायचं असतं." अठरा मिलिमीटरची आठ बाय चारची शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून ती टेम्पोत घालून आणली तेव्हा टेम्पोवाल्यानं विचारलं, "कपाट कुठे बसवायचंय?" मी ओम्नीकडे बोट दाखवलं. त्यानं भाडं आधी मागून घेतलं.

पण खरा विषय विजेचा. तिसऱ्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. अकरा हजार व्होल्टशी आयुष्यभर बोललेला माणूस बारा व्होल्टकडे ज्या नजरेनं पाहतो, ती मी पाहिली आहे. "ह्याला काय घाबरायचं?" असं म्हणून त्यांनी घरच्या दिव्यांना वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची उरलेली वायर काढली आणि भिंतीवर नेतात तशी, कोपऱ्याकोपऱ्यानं, काटकोनात नेली. देखणं काम. सव्वाअकरा फुटी गाडीत त्यांनी पाच मीटर वायर बसवली.

आता शंभर वॉटच्या वस्तूला घरी २३० व्होल्टवर अर्धा अँपिअरही लागत नाही. बारा व्होल्टवर तीच वस्तू आठच्या वर मागते. लहान फ्रीज, पंखा, दिवे, मोबाइल मिळून दहा अँपिअर धरा. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, एवढ्या बारीक तारेतून, म्हणजे एक व्होल्टहून जास्त वाटेतच संपतो. रात्री शिशाची बॅटरी अर्ध्यावर, बारा व्होल्टच्या आसपास आली की फ्रीजपर्यंत अकराही पोचत नाहीत आणि तो स्वतःहून झोपी जातो. दिवेआगरला सकाळी उठून पाहिलं तर बॅटरीत वीज होती, फ्रीजमधलं दूध फाटलेलं होतं, आणि काका फोनवर "दूधच तसलं असेल" म्हणत होते.

शेवटी तपकीर गल्लीतून एक इलेक्ट्रिशियन आणला. त्यानं पेटीचं झाकण उघडलं, बॅटरी लावली आणि आपल्याकडे प्रत्येक कारागीर कामाआधी जो मंत्र म्हणतो तो म्हटला: "कोणी केलंय हे?"

प्लंबर, सुतार, दंतवैद्य, सगळे याच प्रश्नानं सुरुवात करतात. उत्तर अपेक्षित नसतं. पण इथे काका माझ्या शेजारीच उभे होते, हातात टेस्टर घेऊन. क्षणभर शांतता पसरली.

"आधीच्या मालकानं," काका म्हणाले.

"घराचं काम येत असणार त्याला," इलेक्ट्रिशियन वायर ओढत म्हणाला.

"हो, घराचं चांगलं येत असावं," काका म्हणाले. त्या दिवसापासून त्या आधीच्या मालकाचं आणि आमचं फार जमलं. पेटीचं वजन, दाराचा आवाज, पंख्याची चुकलेली दिशा, सगळं त्यानंच केलं.

जाड वायर सरळ रेषेत गेली, दोन मीटरात काम झालं. फ्यूज बॅटरीला खेटून बसला, कारण तो फ्रीजला नाही, वायरला वाचवतो. इन्व्हर्टरही आला. त्यावर मिक्सर चालवायचा असा पुरुषमंडळींचा ठराव होता. साडेसातशे वॉटचा मिक्सर, बारा व्होल्टवर साठच्या वर अँपिअर, गळती धरून सत्तर. त्यासाठी बोटभर जाडीची केबल, मोठा फ्यूज असा हिशोब रंगात आलेला असताना बायको कोथिंबीर निवडत म्हणाली, "आणि चटणी घरून वाटून नेली, तर किती अँपिअर?"

इन्व्हर्टर त्याच आठवड्यात वकीलबाईंच्या मुलाकडे गेला.

गॅसचं तर तिनं कोणाला विचारलंच नाही. पाच किलोच्या सिलिंडरच्या कप्प्याला हवेसाठी भोकं कुठे पाडायची, यावर सगळ्यांचं एकमत होतं: वर, धूर वर जातो. "धूर जातो. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो," ती म्हणाली, आणि कप्प्याच्या तळाशी खुणा करून पेन्सिल माझ्या हातात दिली. रेग्युलेटरच्या सांध्यावर साबणाचा फेस लावून तिनं बुडबुडे येतात का ते पाहिलं. मग एवढं करूनही शेगडी आत लावायची नाही असा हुकूम निघाला. ओम्नीचं मागचं दार वर उघडतं, त्याखाली उभं राहून पोहे उत्तम होतात. इंजिनिअर मंडळींनी छपरासाठी काढलेली तीन चित्रं त्या दारानं निकालात काढली.

राहिला पाण्याचा पंप. बारा व्होल्टचा, नळ उघडला की आपोआप सुरू होणारा. दिवसा कौतुकाचा. रात्री सुरूच्या बनात कोणी चूळ भरायला उठलं की शेजारच्या तंबूतले लोक जागे होऊन टॉर्च मारायचे. बायकोनं बोहरी आळीतून तोटीचं स्टीलचं पिंप आणलं आणि पेटीवर ठेवलं. पाणी उंचावरून खाली येतं, हे आमच्यापैकी सगळ्यांना माहीत होतं.

पंप काकांनी नेला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, जुनी बॅटरी आणि उरलेली दीड मिलिमीटरची वायर जोडून त्यांनी कुंड्यांना ठिबक केलं, काटकोनात. परवा तो बंद पडला म्हणून त्यांनी एकट्यानं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. मी वर पोचलो तेव्हा बाल्कनीत आधीच वकीलबाई, दुसऱ्या मजल्यावरचे अठरा मिलिमीटरवाले आणि पेपरचं बिल घ्यायला आलेला मुलगा उभे होते. मी वाकून वायर पाहिली. काका माझ्याकडे बघत होते.

"आधीच्या मालकाचं काम दिसतंय," मी म्हणालो.