कोपऱ्यातलं कोपर

आमच्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात कोपर म्हणजे परात. पुण्याकडच्या माणसाला कोपर म्हटलं की हाताचा सांधा आठवतो. त्यामुळे ‘ओट्याखालच्या कोपऱ्यातून कोपर काढताना कोपर सोललं’ हे वाक्य ज्याला एका झटक्यात कळेल, तो आमच्याकडचा समजावा. निदान त्याच्या घरी एखादे काकाजी तरी असावेत.

काकाजी हा एक माणूस नाही, ती जमात आहे. वय साठीपुढचं, नोकरीतून मोकळे, गावाबाहेर संत्र्याची थोडी झाडं आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मोजायची फीत. स्वैपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत हे गृहस्थ चाळीस वर्षं फक्त ‘चहा झाला का?’ विचारायला आले. चहापत्तीचा डबा कोणता, असं आजही विचारलंत तर हळदीच्या डब्याकडे बोट दाखवतील. पण गावात ‘मॉड्युलर’ हा शब्द आला आणि वाटणी बदलली. स्वैपाक बायकांकडेच राहिला, स्वैपाकघर मात्र पुरुषांनी ताब्यात घेतलं.

आता काकाजी कुणाकडे गेले की बैठकीत टेकतच नाहीत. सरळ आत जातात, गुडघ्यावर बसतात, ओट्याखाली डोकं घालतात. घरची सून हातातला सराटा तसाच धरून भिंतीला चिकटते. मग आतून घुमणारा आवाज येतो, ‘‘हा कोपरा वाया गेला ना, बाप्पा!’’

कोपऱ्यावर एवढा जीव का, याला इतिहास आहे. 1956 साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. घरात मराठी आणि दुकानाच्या पाटीवर हिंदी, असा आमचा संसार. ‘‘आपण नकाशातच कोपऱ्यात आहो, बाबू,’’ पांढुर्ण्याचे आमचे काकाजी मला सांगतात, ‘‘आपणच कोपरा सोडला तर कसं होईन?’’ 2023 साली पांढुर्णा स्वतःच जिल्हा झाला. त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले आणि म्हणाले, ‘‘पाह्य, कोपऱ्याचं चीज झालं!’’ यापुढे वाद घालायची कुणाची छाती आहे?

अडचण मात्र खरी आहे, हे कबूल केलं पाहिजे. काटकोनात वळलेला ओटा दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट खोल असतो. ते दोन हात जिथं मिळतात तिथं खाली दोन फूट लांब, दोन फूट रुंद असा एक अंधारा चौकोन उरतो. कपाट साडेतीन फुटांचं असलं तरी त्याचं दार असतं दीड फुटाचं. बाकीचं सगळं दाराच्या आड, बाजूला. तिथं हात पोचवायचा तर खांद्यापर्यंत आत घालावा लागतो आणि डोळे बाहेर ठेवावे लागतात. कडाप्प्याच्या जुन्या ओट्यांत आमच्या आज्यांनी तिथं जातं ठेवलं, खलबत्ता ठेवला. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तू. त्यांना कुणी त्या कोपऱ्याचं नाव विचारलं नव्हतं. काकाजींना ते विचारणारे नागपुरात भेटले.

शंभरेक किलोमीटर जाऊन काकाजींनी एकाच महिन्यात तीन शोरूम पाहिली. मी दोनदा सोबत होतो, कारण काकूंनी यायला साफ नकार दिला. शोरूमच्या कोपऱ्यांचं वैशिष्ट्य म्हणजे त्यांत एकही गंज, म्हणजे पातेलं, नसतो. एका प्रकारात रिकाम्या गोल थाळ्या बोटाच्या धक्क्यानं गरगर फिरतात. दुसऱ्या प्रकारात दार ओढलं की पुढच्या जाळ्या बाहेर येऊन बाजूला सरकतात आणि मागच्या जाळ्या त्यांच्या पाठोपाठ पुढे येतात. त्याला ‘मॅजिक कॉर्नर’ म्हणतात. काकाजींनी तो अकरा वेळा उघडला. विकणारा पोरगा बाराव्या वेळी पाणी घेऊन आला.

किंमत ऐकल्यावर जादू संपली आणि गोल थाळ्यांवर शिक्कामोर्तब झालं. मी आठवीचं गणित काढून दाखवलं. चौकोनात वर्तुळ बसवलं की शेकडा साडेएकवीस भाग वर्तुळाबाहेर राहतो. म्हणजे एक कोपरा वाचवण्यासाठी पैसे मोजायचे आणि त्याच कोपऱ्यात चार नवे कोपरे तयार करायचे! काकाजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. ‘‘तू सौंसरचा. तुमच्याकडे कोपऱ्याची कदर नाई.’’

यात टोमणा होता. आमच्या घरी मिस्त्रीनं विचारलं होतं, ‘‘कोपऱ्याचं काय करू, भाऊ?’’ आणि बायकोनं आतूनच सांगितलं होतं, ‘‘बुजवून टाका.’’ कोपरा बंद केला. त्याच्या दोन्ही बाजूंना रुंद खण घेतले, मध्ये तीन इंचांची पट्टी सोडली. ती पट्टी नसली तर काटकोनातले दोन खण एकमेकांच्या मुठीवर आपटतात आणि एकही धड उघडत नाही. हे शहाणपण मिस्त्रीचं, फुकटातलं. काकाजी येऊन त्या बुजवलेल्या जागेवर टिचकी मारून गेले. आवाज पोकळ आला. दुखवट्याला आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

यथावकाश त्यांच्याकडे थाळ्या बसल्या. पहिले आठ दिवस येईल त्याला चहाआधी थाळी फिरवून दाखवली जाई. मग काकूंनी तिच्यावर खरा संसार मांडला. पितळी गंज, पुरणयंत्र, दोन कढया, तेलाचा पिपा आणि सगळ्यांच्या मागे ते मोठं कोपर. थाळी फिरायची, पण आमच्या सौंसरच्या छोट्या रेल्वेसारखी. कुरकुरत, थांबत, विचार करत. ती रेल्वे 2015 साली बंद झाली. थाळीनं पोळ्यापर्यंत दम काढला.

पोळा म्हणजे आमच्याकडे पुरण, आणि दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा विरुद्ध सावरगाव अशी गोटमार. तिच्यात दरवर्षी माणसं रक्तबंबाळ होतात, म्हणून तिच्यावर मी विनोद करणार नाही. पण पाहुणे आदल्या दिवसापासूनच येतात हे सांगायला हवं. घरात सतरा माणसं, डाळ शिजलेली, आणि कोपर आत. काकूंनी थाळीला धक्का दिला. पुरणयंत्राचा दांडा वळता वळता चौकटीत अडकला आणि थाळी ना इकडे ना तिकडे. पांढुर्ण्यात एक जाम बाहेर वाहते, दुसरी त्या दिवशी ओट्याखाली झाली.

काकाजींना बोलावणं गेलं. त्यांनी फीत काढून चौकट मोजली. कशासाठी, ते कुणाला कळलं नाही. मग ते फरशीवर कुशीवर आडवे झाले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. जामसावळीचा मारुती निजलेला आहे, त्याच्या दर्शनाला लांबून लोक येतात. इथंही रांग लागली. बैठकीतून एकेक पाहुणा येऊन डोकावून जात होता आणि प्रत्येकजण सल्ला ठेवून जात होता. ‘‘उजवीकडे घ्या.’’ ‘‘अवो, आधी पिपा काढा.’’ अर्ध्या तासानं दांडा सुटला, कोपर बाहेर आलं आणि काकाजींचं कोपर सोललं. काकूंनी एका कोपरात पुरण पसरलं, दुसऱ्याला हळद लावली. बोलल्या काहीच नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात हे फार मोठं भाषण होतं.

दिवाळीआधी काकाजी आठ दिवस संत्र्याच्या सौद्यात गुंतले होते. काकूंनी तेवढ्यात गल्लीतलाच मिस्त्री बोलावला. कोपऱ्यामागची भिंत पलीकडे बैठकीला लागते आणि ती होती अर्ध्या विटेची, आड घातलेली. मिस्त्रीनं खालून दोन फूट भिंत फोडली, वर आधाराची पट्टी टाकली, थाळ्या उपटल्या आणि कोपऱ्याला बैठकीच्या बाजूनं दार लावलं. आता समोर उभं राहिलं की सगळं दिसतं, हात घातला की सगळं येतं. थाळी नाही, दांडा नाही, यंत्र नाही. शोरूमच्या पोरानं हा उपाय सांगितला नव्हता. सांगून त्याला काय मिळणार होतं?

उपटलेल्या थाळ्या गच्चीवर आहेत, कुरड्या वाळवायला. काकू म्हणतात, त्या कामाला उत्तम.

नवं दार नेमकं काकाजींच्या खुर्चीमागे उघडतं. त्यामुळे घरात कोपर लागलं की काकाजींना उठावं लागतं, आणि ते रोज सकाळ-संध्याकाळ लागतं.