आठवडाभराचे मालक

राळेगावात शेतीचे मालक आहेत, जिनिंगचे मालक आहेत आणि अलीकडे तिसरी जमात वाढीस लागली आहे: गोव्यातल्या सूटचे वर्षातून आठवडाभराचे मालक. यातलेच एक भाऊ. ते पानठेल्यावर 'हॉटेल' म्हणत नाहीत. 'आपला सूट' म्हणतात. "आपल्या सूटच्या खाली कॅसिनो आहे बरं का," असं म्हणून पुडीतली सुपारी अशी तोंडात टाकतात, की कॅसिनोचं भाडंही यांच्याच खात्यात जमा होत असावं.

ही मालकी नागपूरच्या एका मॉलमध्ये जन्मली. लकी ड्रॉची चिठ्ठी भरली, फोन आला: बक्षीस लागलं, पण जोडीनं या. एकटा नवरा 'घरी विचारून सांगतो' म्हणून सटकतो, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. सरकी-ढेपेच्या पोत्यामागे दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारे भाऊ टायवाल्या पोरासमोर दोन तासांत पंचवीस वर्षांच्या करारावर सही करून उठले. बक्षीस म्हणून कॅसरोल मिळाला.

हंगाम तीन रंगांचे होते: लाल, पांढरा, निळा. भाऊंनी स्वस्त पडतो म्हणून निळा घेतला. निळा म्हणजे ऐन पावसाळा. तेव्हा गोव्यात खोल्या रिकाम्या असतात, आणि राळेगावात माणूस रिकामा नसतो. पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी. सुरुवातीचे आठवडे असेच वाया गेले. देखभालीचं वार्षिक बिल मात्र एकदाही वाया गेलं नाही.

शेवटी एकदा शेत भावाच्या भरवशावर टाकून मंडळी निघाली. सूटमध्ये छोटं स्वयंपाकघर आहे हे पत्रकात वाचलेलं, म्हणून सामानात कुकर, तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ आणि ठेचा. समुद्राकडे तोंड करून भाऊंनी चून-भाकर खाल्ली आणि किती पैसे वाचले ते सांगितलं. काकू भांडी घासता घासता म्हणाल्या, "राळेगावले स्वयंपाक, अन् इथंबी स्वयंपाक. मंग सुट्टी कोनाची?"

खालच्या कॅसिनोत नुसती यंत्रं. गोव्याचा कायदा असा, की पंचतारांकित हॉटेलात यंत्रांवरचा जुगार चालतो. पत्त्यांची खरी टेबलं मांडवीतल्या बोटींवर. (आपल्या महाराष्ट्रानंही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता. त्याखाली एकही कॅसिनो उघडला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. भाऊंच्या सदस्यत्वाची बरीचशी वाटचाल तीच.) बोटीच्या तिकिटात जेवण धरलेलं असतं, एवढ्यासाठी भाऊ बोटीवर चढले, आणि तिकीट वसूल होईस्तोवर ताटावरून उठले नाहीत.

खेळले मात्र नाहीत. "जुगार आपल्या खानदानात नाही," हे मृगाआधीच धूळपेरणी करून आभाळाकडे पाहत बसणाऱ्या माणसाचं वाक्य. ते रुलेटच्या टेबलामागे उभे राहिले आणि परक्यांचं नुकसान कापसात मोजू लागले. लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ ला ८,११० रुपये; हिशेब तोंडपाठ. समोरचा माणूस डाव हरला की मागून सुस्कारा: "गेला बाप्पा, दीड क्विंटल!" दोन गुजराती गिऱ्हाइकं टेबल बदलून गेली. भाऊ त्यांच्या मागोमाग.

आता मुलीचं जमवायचं चाललं आहे. बायोडाट्यात बारा एकर कोरडवाहू, दुमजली घर आणि त्याखाली 'गोव्यात सूट'. पाहुणे कळंबचे, चौकस. पोहे संपवून मुलाच्या मामांनी विचारलं, "सूटचा सातबारा कोनाच्या नावावर आहे?" भाऊंनी पाकिटातून प्लास्टिकचं कार्ड काढून दिलं. मामांनी ते उलटंसुलटं पाहिलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं आणि मुलाच्या वडिलांकडे सरकवलं.

"यावर बोजा किती आहे?" वडिलांनी विचारलं.

"अजून एकोणीस वर्षं," आतून काकूंचा आवाज आला.