‘पुढे’ या बटणाबाबत निवेदन

चहा घ्या आणि खरं सांगा, तुमच्याही ऑफिसनं ऑनलाइन कोर्स सक्तीचा केलाय ना? मग ते राखाडी बटण तुम्हाला ठाऊक असणारच. त्यावर ‘पुढे’ लिहिलेलं असतं आणि व्हिडिओ संपेपर्यंत ते दाबलं जात नाही. आमच्या महानगर नावाच्या वस्तीत, गोल मार्केटजवळ, घरोघरी माणसं हल्ली त्या बटणासमोर बसलेली असतात.

पडद्यावर सात मुद्दे येतात. ते मी वाचून काढतो. मग एक बाई तेच सात मुद्दे संथपणे वाचून दाखवतात. चित्र आणि आवाज पुरेसे असताना तोच मजकूर शेजारी लिहिला, तर शिकणं कमीच होतं, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी प्रयोग करून दाखवलंय. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या कोर्सांची पाहणी 2014 साली प्रसिद्ध झाली. व्हिडिओ सहा मिनिटांहून लांबला की बघणारे गळू लागतात, असं तिच्यात दिसलं. आमचा व्हिडिओ चाळीस मिनिटांचा आहे, आणि गळायची सोय बटणानं बंद केली आहे.

पण खरा अन्याय कोर्समधल्या प्रश्नांत आहे. ‘अनोळखी माणसानं ओटीपी मागितल्यास काय कराल?’ पर्याय तीन: लगेच देईन, थोड्या वेळानं देईन, देणार नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये सिद्ध केलं, की धडा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा त्यावर परीक्षा देणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवतं. म्हणजे अख्ख्या कोर्समधली सर्वांत मोलाची वस्तू प्रश्न. आणि तीच अशी वाया घालवायची! बँकेच्या नावात एक अक्षर बदललेली लिंक दाखवा, घाईतल्या साहेबांचा वाटावा असा मेल दाखवा, आणि मग विचारा. मी चुकेन. चुकल्यावर का चुकलो तेही सांगा. आत्ता नुसती हिरवी खूण येते.

आणि हे घडतंय कुठे? लखनौत! गोमतीपलीकडे कैसरबागेत 1926 साली मॅरिस संगीत कॉलेज सुरू झालं, ते आपल्या पंडित विष्णू नारायण भातखंड्यांच्या प्रयत्नांतून. पेशानं वकील असलेल्या या माणसानं ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग लिहिले. यमन, बिलावल, भैरव आधी. अवघड राग पुढच्या भागांत. कुणाला आधी काय यायला हवं, याचा विचार त्यांनी कोर्स आखतानाच केला होता. त्यांच्या नावाचं विद्यापीठ आजही या शहरात उभं आहे. त्याच शहरात पासवर्ड म्हणजे काय हे मला तिसऱ्या धड्यात सांगतात आणि तो बदलायला पहिल्या धड्यात लावतात.

म्हणून मी संबंधित विभागाकडे रीतसर निवेदन दिलंय. परीक्षा आधी घ्यावी. जे येतं ते वगळू द्यावं. जिथे चुकतो तेवढाच पाच मिनिटांचा तुकडा दाखवावा. आठवड्यानं तेच पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारावं. आणि बटण मोकळं करावं. निवेदनाची पोच आली आहे, तिच्यावर जावक क्रमांकही आहे. कोर्सच्या दुसऱ्या भागाची मुदत शुक्रवारी संपते.